चतुराबाईचा कोटंबा

औंढ्याच्या रंगारगल्लीत चतुराबाईचे हात कुणालाही ओळखू येत. कोपरापर्यंत लाल, नखांच्या कडा काळ्या. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ते हात रंगाच्या कुंडीत बुडालेले. राखेनं घासले, दगडावर घासले, तरी रंग उतरला नाही. नागनाथाच्या देवळात तिनं हात जोडले की मागं उभी असलेली शकुबाई तेलीण म्हणायची, "देवा, आमचं ऱ्हाऊ दे, ही तेवढी तुला बराबर ओळखू येती."

आणखी एका गोष्टीनं ती गल्लीत ओळखली जाई. चतुराबाई कुणाकडं काही मागत नसे. चूल विझली तर शेजारून विस्तव आणायचा ही सगळ्यांची रीत. ही मात्र गारगोटीवर गारगोटी आपटत बसायची. एकदा मांजरानं दह्याचं गाडगं उलथलं. विरजणापुरतंही दही उरलं नाही, तर हिनं दुधात चिंचेचं बोटूक टाकून दही लावलं. ते फुटकं, आंबट दही तिनं चार दिवस गुमान खाल्लं. शकुबाईला कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"का गं रंगारणी, माझ्या घरचं विरजण नेलं असतं तर तुझं दूध बाटलं असतं का?"

"तसं न्हाई शकुबाई. मागायची सवय लागली की सुटत न्हाई."

"मला तर द्यायची सवय हाय. ती बी सुटत न्हाई. आता काय करू?"

चतुराबाई हसली, पण गाडगं काही पुढं केलं नाही.

वर्षातून एकदाच तिचा हात पुढं होई, आणि तोही देवासाठी. घरचं कुळदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला देव्हाऱ्यातला कोटंबा, म्हणजे लाकडाचं चौकोनी पात्र, हातात घेऊन घरच्या सुनेनं पाच घरी वारी मागायची. दारात उभं राहून "वारी खंडोबाची" म्हणायचं, आतली बाई मूठ-दोन मुठी पीठ घालते, त्याच पिठाचे रोडगे करायचे, वांग्याचं भरीत करायचं, देवाला दाखवायचं आणि घरानं खायचं. मोठे वतनदार असोत की रंगारी, ज्याच्या घरी ही रीत त्याला ती चुकत नाही. कोटंब्यात कुणी काही घातलं तर नको म्हणायचं नाही. ते देवाला नको म्हटल्यासारखं होतं.

घर गहाण पडलं ते विहिरीपायी. रंगाऱ्याला पाणी लागतं. उन्हाळ्यात लांबच्या बारवेवरून घागरी आणून आणून तिची पाठ गेली, तेव्हा नवरा तातेराव म्हणाला, परड्यात विहीर पाडू. रामकिशनशेठकडं घर गहाण टाकून त्यानं रुपये उचलले. कागदात लिहिलं होतं की सहा महिन्याला वीस रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्याचे, द्यायचे, आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले तर घर शेठचं. तातेरावानं अंगठा केला. विहिरीला पाणी लागलं, गोड लागलं. पहिले हप्ते वेळच्या वेळी गेलेही.

मग लढाई सुरू झाली. लढाई कुठं दूर विलायतेत, पण रंगाच्या पुड्या तिकडूनच मुंबईला यायच्या आणि मुंबईहून हिंगोलीच्या बाजारात. आधी त्या महाग झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. हिंगोलीचा व्यापारी रिकामा डबा उपडा करून दाखवू लागला. कुंड्या कोरड्या पडल्या. लुगडी रंगवायला आणणाऱ्या बाया विटकी लुगडी तशीच नेसू लागल्या. एक हप्ता चुकला. दुसराही चुकला.

रामकिशनशेठ वाईट माणूस होता असं कुणी म्हणत नसे. देवाधर्माचा, बोलायला गोड. पण पैशाला पक्का. पहिल्या चुकीनंतर तो ओट्यावर येऊन उभा राहिला.

"तातेराव हायत का?"

तातेराव मोठ्या कुंडीमागं उकिडवा बसला आणि बायकोकडं बघून त्यानं मान हलवली. चतुराबाईनं दार लोटून फटीतून सांगितलं, "न्हाईत. हिंगोलीला गेलेत."

खोटं बोलल्यावर त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या हप्त्यालाही तसंच झालं. तेच दार, तीच फट, तेच हिंगोली. शेठ फटीतून खाली कुठंतरी बघितल्यासारखं करून निघून गेला.

तिसऱ्या हप्त्याची मुदत मार्गशीर्षात आली. चंपाषष्ठीच्या आधीच्या सोमवारी शेठचा माणूस दोरी घेऊन आला आणि भर दिवसा, गल्लीसमोर, ओटा मोजू लागला. ओटा मोजला, भिंत मोजली, परड्यात जाऊन विहिरीचा कठडाही मोजला. जाताना म्हणाला, "शेठनं सांगितलंय, सणाचं तुमचं होऊ द्या. षष्ठीच्या दिवशी दिवेलागणीच्या आत येतील. निदान ह्या बारीचा एक हप्ता पुरा असंल तर ठीक, न्हाईतर कुलूप घेऊनच येतील."

त्या दोन-चार दिवसांत तातेराव हिंगोलीला खरंच जाऊन आला. रिकाम्या हातानं आला. आल्यावर विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला.

"अवो," चतुराबाई म्हणाली, "कुणाला सांगितलं का?"

"कुणाला सांगू? तूच म्हंतीस सांगायचं न्हाई."

ते खरंच होतं.

चंपाषष्ठीच्या सकाळी तिनं विहिरीच्या पाण्यानं अंघोळ केली. बादली ओढताना मनात आलं, उद्या हे पाणी कुणाचं. देव्हाऱ्यातला कोटंबा धुतला, त्याला भंडारा लावला आणि उपाशीपोटी निघाली. पहिलं घर ठरलेलं, शकुबाईचं. नवरा गेल्यापासून तेलाचा घाणा ती एकटी चालवायची. बैल तिचा, माप तिचं, जीभही तिचीच.

"वारी खंडोबाची."

शकुबाई बाहेर आली. ओंजळभर पीठ घातलं. पिठात काहीतरी खण्णकन वाजलं. चतुराबाईनं खाली बघितलं, पिठात रुपयांच्या कडा चमकत होत्या. तिनं वर बघितलं तर शकुबाई घाण्याच्या बैलाला उगाच "हो, हो" करत होती, बैल तर उभाच होता.

दुसऱ्या घरीही तसंच झालं. तिथल्या बाईनं पीठ घालताना नजर वळवली. तिसरं घर पार्वतीकाकूंचं. त्यांचा मुलगा फौजेत होता, ब्रह्मदेशाकडं. काकू वर्षभरात वाळून गेलेल्या. त्यांनीही पिठाबरोबर मूठ उघडली, पाच रुपये पडले. चौथ्या घरी तर दारामागून कुजबुज ऐकू आली, "आलं बघ, माझे बी दोन घाल."

चतुराबाईला सगळं कळलं. दोरी सगळ्या गल्लीनं बघितली होती. ह्या बायांनी आपसात ठरवलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परत जावंसं वाटलं, पण पाच घरांची वारी अर्धी टाकून जाता येत नाही. नको म्हणावंसं वाटलं, पण हातात कोटंबा होता.

पाचवं घर तांड्यावर, मोतीबाईचं. सासूनं तांड्यातल्या एका बाईला बहीण मानलं होतं, तेव्हापासून पाचवी वारी तिथली. मोतीबाई त्या बाईची सून. तिनं पीठ घातलं आणि सरळ तोंडावर बोलली, "माझ्या लग्नातली डोईवरची फडकी तुझ्या हातची. आजून लाल हाय. हे घे." एकच रुपया घातला, पण लपवला नाही.

"देवाच्या कोटंब्यात..." चतुराबाई म्हणू लागली.

"तुझ्या हातात दुसरं काही हाय का? असतं तर त्याच्यात घातला असता," मोतीबाई म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन तिनं सुपात पीठ ओतलं आणि रुपये वेचून बाजूला ठेवले. तातेराव मोजू लागला आणि मोजता मोजता त्याचा आवाज चढला. "वीस. वर एक. अगं, हप्ता पुरा झाला."

"हात लावू नका."

"काहून?"

"ते देवाचे हायत."

तातेरावानं तिच्याकडं असं बघितलं की जणू ही बाई आपण कधी पाहिलीच नाही. "देवाचे? घराला कुलूप लागून राहिलंय, अन् देवाचे?"

"कोटंब्यात पडलं ते देवाचं. पीठ आपण खातो ते नैवेद्य म्हणून. ते विकत न्हाई, साठवत न्हाई. मग ह्याचा हप्ता कसा भरू? देवाच्या पैशानं सोडवलेल्या घरात मला झोप यील का?"

"अन् रस्त्यावर झोप येती का?"

तिनं चूल पेटवली, वांगी भाजायला टाकली. वांग्याची साल तडतडत होती आणि रुपयांची ती चळत देव्हाऱ्यासमोर पडली होती. नैवेद्याआधी कोटंबा रिकामा करून पालथा घालायचा असतो. तो तिला पालथा घालवेना. उन्हं ओट्यावरून खाली उतरायला लागली.

तळी उचलायला वाघ्या आला, सटवाजी. म्हातारा, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, घरोघरी देवाची गाणी म्हणणारा. दारातूनच म्हणाला, "काय गं, आजून नैवेद्य न्हाई? देव उपाशी हाय अन् सटवाजी बी उपाशी."

तातेरावानं त्याला सगळं सांगून टाकलं. वर्षभर दाबलेलं बोलणं एका दमात. शेवटी म्हणाला, "तूच सांग हिला. देव तुझं ऐकतो."

सटवाजी भिंतीला टेकून बसला. त्यानं दाढी खाजवली.

"मी कशाला सांगू? मी घातलेत का ते रुपये? ज्यांनी घातले त्यांना इचारा. देवाला घातले असले तर देवाचे, मी घिऊन जातो देवळात, तेलवातीला व्हतील. अन् तुला घातले असले चतुरे, तर ते तुझे. पण मग तुला ते मागावे लागतील. देवाच्या नावावर आलेलं आपल्या नावावर करायचं तर तोंड उघडावं लागतं."

"मागू?"

"कोटंबा हितंच ठिवायचा. पदर पसरायचा. देवाआड लपून न्हाई."

ती उठली. वांगी विस्तवावरून बाजूला ओढली. रुपये पदरात घेतले, गाठ मारली आणि बाहेर पडली. पश्चिमेकडं उन्हं पिवळी व्हायला लागली होती. इतक्या वर्षांची ओळखीची गल्ली तिला एकदम लांबच लांब वाटली.

शकुबाई घाण्यावर पेंड काढत होती. चतुराबाई पुढं जाऊन उभी राहिली, पदराची गाठ चाचपत.

"बोल की. का परत वारी?"

"हे रुपये," चतुराबाई म्हणाली, "तुमी देवाला घातले का मला?"

शकुबाईनं पेंडीचे हात झटकले. "देवाला काय कमी पडलंय? देवाचं घर कुणी गहाण ठिवलंय? तुला घातले. तू हातात घेतली नसतीस म्हणून तिथं घातले."

"मग मला..." चतुराबाईनं पदराचं टोक धरलं, दोन्ही लाल हातांनी पसरलं. "मला द्या. आमचं घर चाललंय, शकुबाई. मला मदत पाहिजे."

शकुबाईनं तिच्या पदरातली गाठ सोडली, आपण घातले तेवढे रुपये उचलले आणि पुन्हा पदरात ठेवले, एक एक करून. "झालं. एवढंच म्हणायला तुला वीस वर्षं लागली." आणि आत जाऊन वाटीत काहीतरी घेऊन आली. "हे पण ने."

वाटीत विरजण होतं. चतुराबाईनं तेही घेतलं.

पुढचं सोपं गेलं, असं नाही. दुसऱ्या घरीही जीभ तितकीच जड झाली, पण शब्द आले. तिसरं घर पार्वतीकाकूंचं. त्या तुळशीपाशी बसल्या होत्या.

"काकू, तुमी पाच रुपये घातले. देवाला का मला?"

काकूंचे डोळे भरून आले. "खोटं बोलू का चतुरा? दोरी मी बी बघितली. पण ते रुपये पोरासाठी बोलले व्हते. तो सुखरूप येऊ दे म्हणून खंडोबाला बोलले व्हते."

"मग ते देवाचे."

"तुझी गरज..."

"न्हाई काकू. मी देवळात पोचवते. तुमचं पोरगं यील." तिनं पाच रुपये वेगळे काढून पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधले. हप्ता आता अपुरा होता आणि तिला ते पक्कं माहीत होतं. पण पाऊल उचलताना तिला हलकंही वाटलं. पदराच्या एका टोकाला आता काय आहे आणि दुसऱ्या टोकाला काय, याचा घोळ उरला नव्हता.

चौथ्या घरानं दिले. तांड्यावर मोतीबाई तिची वाटच बघत बसली होती.

"मी तर सकाळीच सांगितलं कुणाला दिला ते. पण थांब." तिनं झोपडीमागून एक जुडी आणून समोर टाकली. मातीनं भरलेली, पिवळसर मुळं. "आलाच्या झाडाची मुळं, रंगाची. तुझ्या सासूच्या काळात ह्याच्यावरच रंगवायचे ना तुमी? आमच्या बांधावर आजून झाडं हायत. पुड्या न्हाईत तर न्हाईत. तांड्यात औंदा चार लग्नं हायत, लाल पाहिजे. मुळं आमची, हात तुझे."

चतुराबाईनं मूळ नखानं खरडलं. आतून लाल झाक आली. तिला सासूचे हात आठवले. तिनं पदर पसरायचं विसरून ती जुडीच छातीशी धरली.

घराकडं वळली तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती आणि ओट्यावर पांढरा रुमाल दिसला. रामकिशनशेठ आला होता. त्याच्या माणसाच्या हातात कुलूप होतं. आणि शेठच्या शेजारी, पाय खाली सोडून, तातेराव बसला होता. कुंडीमागं नाही, ओट्यावर.

चतुराबाईनं पदरातले रुपये शेठच्या पुढं ओट्यावर ठेवले.

"सोळा हायत, शेठ. चार कमी."

शेठनं मोजले. "कागदात वीस हाय."

"हाय. अन् मागचे दोन हप्ते बी बाकी हायत, मला ठावं हाय." तिनं श्वास घेतला. घरोघर तोंड उघडून सवय झाली होती, तरी ही वेळ सगळ्यांत अवघड. "शेठ, मी तुमच्याकडंच मागते. मुदत द्या. दोन बाऱ्या तुमी आलात, तवा हे घरात व्हते. मी खोटं बोलले."

शेठच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ठावं हाय, बाई. फटीतून लाल टाच दिसत व्हती. हिंगोलीला गेलेल्या माणसाची टाच घरात कशी राहील?"

तातेरावानं पाय वर ओढून घेतले. सटवाजी भिंतीआड खोकला, पण ते हसणंच होतं.

"मला राग पैशाचा न्हाई आला," शेठ म्हणाला. "म्हंजे, पैशाचा बी आला. पण दारावर उभं करून परत धाडलं, त्याचा जास्ती आला. रंग बंद झाले हे मला बाजारात कळतं. तुमी येऊन बोलला असता तर तवाच काही ठरवलं असतं. गप बसलेल्या घराला मी काय समजू? बुडवायचा इचार हाय, असंच समजणार."

"आता बोलून राहिले, शेठ."

तो दाढेनं सुपारी चावत राहिला. गल्लीत कुणीतरी दिवा लावला. कुलूप त्या माणसाच्या हातात तसंच होतं.

"महाशिवरात्रीपर्यंत," शेठ शेवटी म्हणाला. "जत्रेत माणसं येतात, काम मिळतं. तवर हे चार अन् एक मागचा हप्ता. दुसरा पुढच्या षष्ठीला. पण नुसत्या शब्दावर न्हाई. जामीन कोण?"

तातेरावानं खाली बघितलं. सटवाजीकडं स्वतःचं छप्परही नव्हतं.

"मी," गल्लीतून आवाज आला. शकुबाई ओट्यापाशी आली होती, हातात रिकामी तेलाची पळी तशीच.

"बाईमाणूस जामीन?" शेठ म्हणाला.

"दर आठवड्याला माझ्याकडचं तेल नेता, तवा माप बाईच्याच हातचं असतं. ते चालतं?"

शेठ हसला. खराखुरा हसला, सुपारी सांभाळत. माणसाला म्हणाला, "कुलूप पिशवीत टाक." आणि उठता उठता तातेरावाला, "पुढच्या बारीला दार उघडं ठिवा म्हंजे झालं."

"शेठ," चतुराबाई म्हणाली, "थांबा. नैवेद्य व्हतो आत्ता. घिऊन जा."

तिनं आत जाऊन काकूंचे पाच रुपये सटवाजीच्या हातावर ठेवले, कोटंबा पालथा घातला आणि पिठात पाणी ओतलं. रोडगे थापताना पिठावर तिच्या हाताचा किंचित लाल डाग उठला. तळी उचलली, भंडारा उधळला. शेठनं रोडगा आणि भरीत दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं, आणि तो अंधारात गल्ली उतरून गेला. त्या दिवसाचं तिचं पहिलं जेवण तेच. झोपायच्या आधी तिनं शकुबाईचं विरजण दुधाला लावलं.

गहाणातून घर एका वर्षात सुटलं नाही. तांड्याच्या लग्नांचा लाल कपडा वाळत घालायला परडं पुरेना, तरी आलाचा रंग धरायला दिवस लागतात आणि पैसे थोडेच मिळतात. मधे एकदा पुन्हा हप्ता अडला, तेव्हा चतुराबाई स्वतः शेठच्या पेढीवर जाऊन बसली, मुदतीच्या आधी. कागद फाडून हातात आला तेव्हा लढाई संपली होती आणि पार्वतीकाकूंचा मुलगा लंगडत का होईना, घरी आला होता. त्याला पहिला चहा चतुराबाईनं पाजला. दूध कमी पडलं म्हणून ते शकुबाईकडून मागून आणलं.